मुळाचा सुगावा घेणारा जिवाणू आणि आपली तूर



हंगामाच्या आढावा बैठकीत जिवाणू खताच्या किती पुड्या वाटल्या, याचा हिशेब दरवर्षी मांडला जातो. तालुकावार आकडे वाचले जातात, उद्दिष्ट गाठले की समाधान व्यक्त होते, आणि पुढील विषय हाती घेण्यात येतो. त्या पुड्यांतील जिवाणू पिकाच्या मुळापर्यंत पोहोचले की नाही, हा प्रश्न मात्र त्या बैठकीत सहसा कोणी विचारीत नाही. शेतकरी तो विचारतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावी तुरीच्या बियाण्यास जिवाणू चोळण्याचे प्रात्यक्षिक मी मोठ्या हौसेने देत असता, घोळक्यातील एका वृद्ध गृहस्थाने मला थांबवून म्हटले होते, ‘‘सायेब, पुडीतले जीव जित्ते हायेत का मेले, ते आधी सांगा.’’ मंडळी हसली. मीही हसलो. परंतु त्या पुड्या संबंध मे महिना पत्र्याच्या छपराखाली एका गोदामात पडून होत्या हे मला ठाऊक होते, आणि त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर माझ्यापाशी नव्हते.

पुढे दीड महिन्याने त्या शेतात जाऊन मी रोपे उपटून पाहिली. जिवाणू लावलेल्या ओळीत आणि न लावलेल्या ओळीत मुळांवरील गाठींचा काहीच फरक दिसला नाही. तेव्हापासून हा विषय माझ्या मनात घर करून राहिला आहे. त्याच्या शोधात वाचन करता करता मी जेथवर येऊन पोहोचलो ते स्थळ प्रथमदर्शनी शेतीपासून फार दूरचे वाटेल. तेथे एका काचेच्या कुपीत एका सूक्ष्म जंतूचे जणू नाकच वेगळे काढून ठेवलेले आहे. अशा कुपीवर ‘केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी’ अशी सूचना असते. आमचे एक सहकारी म्हणाले, ‘‘यात कास्तकाराचे काय?’’ त्यांचा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न येथे करीत आहे.

हवेत सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के नत्र असूनही पिकास ते सरळ घेता येत नाही, हे आपणांपैकी बहुतेकांस माहीत आहे. कडधान्याच्या मुळांवरील गाठीत राहणारा रायझोबियम जातीचा जिवाणू ते नत्र पिकास मिळवून देतो, ही गोष्ट जर्मनीतील हेलरीगेल व विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात सिद्ध केली. १८८८ सालीच हॉलंडमधील बायेरिंक यांनी तो जिवाणू गाठीतून वेगळा काढून दाखविला. आपल्या देशात एन. व्ही. जोशी यांनी १९२० साली पुसा येथे या जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे गाठीतील जिवाणूची ओळख आपल्याकडेही शंभर वर्षांहून जुनी आहे. परंतु गाठीत बसलेला जिवाणू पाहणे सोपे. तो तेथवर आला कसा, हे समजणे कठीण. बियाणे मातीत पडते, कोंब फुटतो, केसासारखे मूळ खाली जाते, आणि त्या अंधाऱ्या मातीत लक्षावधी इतर जंतूंच्या गर्दीतून नेमका हाच जीव त्या मुळाशी जाऊन लागतो. त्यास डोळे नाहीत, कान नाहीत. लांबी म्हणाल तर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या एक-दोन पट, बस्स.

तरीही त्यास एक ज्ञानेंद्रिय आहे. जंतू रसायनाकडे ओढले जातात, ही गोष्ट जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी १८८० नंतरच्या दशकात बारीक काचनळीच्या प्रयोगाने दाखविली होती. एखाद्या पदार्थाचे पाणी नळीत भरून तिचे तोंड जंतूंच्या पाण्यात बुडवावे, आणि थोड्या वेळाने नळीत किती जंतू शिरले ते मोजावे, इतका साधा तो प्रयोग. पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात ज्युलियस ॲडलर यांनी हीच नळी पुन्हा हाती घेतली. त्यांचा जंतू आपल्या आतड्यात वस्ती करणारा एश्चेरिशिया कोलाय हा होता. १९६९ साली त्यांनी दाखविलेली एक गोष्ट मला फार मार्मिक वाटते. एखादी शर्करा पचविण्याची शक्तीच नष्ट झालेला जंतूदेखील त्या शर्करेकडे धाव घेतो. याचा अर्थ असा की जंतू खाऊन चव घेत नाही. त्याच्या अंगावर पदार्थ ओळखणारे स्वतंत्र साधन आहे. या साधनास शास्त्रज्ञ रसायनग्राही प्रथिन म्हणतात. कोलाय जंतूपाशी अशी पाच प्रकारची प्रथिने आहेत, आणि त्यांपैकी ‘टार’ नावाचे एक ॲस्पार्टिक आम्लाचा सुगावा घेते.

हे प्रथिन काम कसे करते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्या पुढील सर्व विचाराची गुरुकिल्ली त्यातच आहे. जंतूच्या आवरणातून त्याचे एक टोक बाहेरच्या बाजूस व एक टोक आतल्या बाजूस असते. बाहेरच्या टोकाच्या खोबणीत योग्य पदार्थाचा कण येऊन बसला की त्याची वार्ता आत जाते, आणि शेपटीसारख्या कशाभिका फिरविणाऱ्या यंत्रास हुकूम मिळतो. कोलाय जंतू सेकंदभर सरळ पोहतो, मग क्षणभर गिरकी घेऊन दिशा बदलतो, पुन्हा पोहतो. पदार्थ वाढत्या प्रमाणात लागत असेल तर गिरक्या कमी होतात व सरळ धाव लांबते. तो इतका लहान आहे की त्याच्या एका टोकास जास्त व दुसऱ्या टोकास कमी, असा फरक त्यास उपयोगी पडत नाही; म्हणून तो आत्ताची स्थिती क्षणापूर्वीच्या स्थितीशी ताडून पाहतो. अंधाऱ्या रात्री अनोळखी गावात शिरलेला भुकेला वाटसरू फोडणीच्या वासावरून कोणत्या घरी चूल पेटली आहे हे हुडकतो, चार पावले जातो, वास मंदावला की थबकून तोंड फिरवतो. तसाच हा प्रकार आहे. वाटसरूस निदान वाऱ्याची दिशा तरी कळते. जंतूस तीही नाही.

मुळाच्या घरी पेटलेली चूल कोणती? पिकाच्या मुळातून साखर, आम्ले, प्रथिनांचे घटक असे अनेक पदार्थ सतत पाझरत असतात. हरभऱ्याच्या शेतात पहाटे पातळ फडके अंथरून आंब धरण्याची रीत आपल्या जुन्या माणसांस ठाऊक आहे. त्या आंबेतील आंबटपणा मुख्यत्वे मॅलिक व ऑक्झॅलिक आम्लाचा. हरभऱ्याचे मूळही मातीत अशीच काही आम्ले सोडते, आणि मॅलिक आम्लाकडे ओढ असलेले जिवाणू शास्त्रज्ञांना आढळले आहेत. तुरीचे मूळ आणखी निराळे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेत १९९० सालच्या सुमारास असे दिसून आले की तुरीच्या मुळातून पिसिडिक नावाचे आम्ल पाझरते, आणि लोहाशी जखडून बसलेला स्फुरद त्यामुळे सुटा होतो. ज्वारी ज्या स्फुरदास हात लावू शकत नाही तो तूर मिळविते. आपल्या पूर्वजांनी ज्वारीत तुरीचे पाटे घातले, ते आम्लाचे नाव माहीत नसताना. असो.

आता त्या काचेच्या कुपीकडे वळू.

मुळातून पन्नास-शंभर पदार्थ पाझरत असताना जिवाणू नेमका कशाच्या ओढीने येतो, हे जिवंत जिवाणूवरून ठरविणे अवघड जाते, कारण त्याच्या अंगावर एकाच वेळी अनेक ग्राही प्रथिने काम करीत असतात. म्हणून शास्त्रज्ञ एकेक प्रथिन सुटे करून तपासतात. संपूर्ण प्रथिन जिवाणूच्या आवरणात रुतलेले असल्याने ते हाताळण्यास नाजूक. यास्तव पदार्थ ओळखणाऱ्या बाहेरच्या भागाचेच जनुक, म्हणजे तो भाग कसा घडवावा याचा आनुवंशिक आराखडा, नकलून घेतात. ही नक्कल वर्तुळाकार अशा एका लहान धाग्यात जोडतात आणि तो धागा प्रयोगशाळेत वाढविलेल्या, दुबळ्या केलेल्या कोलाय जंतूत सोडतात. भांड्यात रात्रभर वाढणारे हे कोट्यवधी जंतू मग परक्या जिवाणूचे प्रथिन आपल्या अंगात तयार करू लागतात. प्रथिनाच्या टोकास हिस्टिडिन नावाच्या घटकाची एक छोटी शेपटी आधीच जोडून ठेवलेली असते. जंतू फोडून तो रस निकेल धातूचे कण बसविलेल्या नळीतून ओतला की ही शेपटी निकेलला धरून राहते, बाकीचे सारे वाहून जाते. मळणीनंतर वाऱ्यावर उफणावे आणि दाणे तेवढे समोर पडावेत, तसे शुद्ध प्रथिन हाती येते. यासच पुनःसंयोजित प्रथिन म्हणतात. मग त्यात एकेक पदार्थ मिसळून पाहतात. जो पदार्थ खोबणीत बसतो त्यामुळे अत्यल्प उष्णतेची घडामोड होते, आणि ती सूक्ष्म यंत्राने मोजता येते.

ही विद्या आपल्या जिल्ह्यास अगदी परकी आहे असे कोणी समजू नये. येथल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत वोक्हार्ट कंपनीने याच तत्त्वावर, मात्र कोलायऐवजी एका प्रकारच्या किण्वाचा उपयोग करून, मानवी इन्सुलिन तयार केले व २००३ साली ते बाजारात आणले. आपल्या गावात मधुमेहाचे इंजेक्शन घेणारा रोगी ज्या विद्येचा लाभ घेतो, तीच विद्या जिवाणूचे नाक सुटे करण्यास उपयोगी पडते.

या विद्येने कडधान्याच्या जिवाणूविषयी काय सांगितले? सर्वांत चांगला अभ्यास लसूणघासाच्या जिवाणूचा झाला आहे. हाच जिवाणू मेथीच्या मुळावरही गाठी करतो, हे मुद्दाम सांगून ठेवतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बिर्गिट शार्फ यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली असे दाखविले की या जिवाणूचे एक ग्राही प्रथिन प्रोलीन नावाच्या घटकास प्रत्यक्ष धरते. हा घटक लसूणघासाच्या रुजत्या बियाण्यातून पाझरतो. २०१७ साली त्यांनी आणखी एका प्रथिनाचा उलगडा केला. ते बीटेन वर्गातील पदार्थ ओळखते, आणि त्यांत ट्रायगोनेलिन नावाचा एक पदार्थ आहे. हे नाव मेथीच्या शास्त्रीय नावावरून पडलेले आहे. अर्थात बियाणे फुगते तेव्हाच ते आपल्या सोबत्यास जणू हाक घालते, आणि सोबत्याच्या अंगावर ती हाक ऐकणारे खास इंद्रिय असते.

येथे माझे सहकारी पुन्हा विचारतील की, बरे, मग? हाक ऐकू न येणारा जिवाणू गाठी करीतच नाही काय? करतो. हीच यातील महत्त्वाची गोम आहे. १९८१ साली एम्स व बर्गमन यांनी लसूणघासाच्या जिवाणूचे पोहू न शकणारे वाण घेऊन पाहिले. एकटे असताना त्या वाणांनी मुळांवर गाठी केल्या. परंतु पोहणाऱ्या जिवाणूबरोबर एकत्र सोडले असता ते मागे पडले आणि बहुतेक गाठी पोहणाऱ्यांनी बळकावल्या. जागा मर्यादित, उमेदवार पुष्कळ. आधी पोहोचेल त्याचे घर.

आपल्या शेतातील परिस्थिती नेमकी हीच आहे. तुरीच्या मुळावर येणारे जिवाणू चवळी, मूग, उडीद, भुईमूग यांवरही गाठी करतात. मराठवाड्याच्या काळ्या रानात ही पिके पिढ्यान्‌पिढ्या घेतली जात असल्याने तेथे या गटाचे स्थानिक जिवाणू आधीच ठाण मांडून बसलेले असतात. ते या मातीच्या उन्हात तापलेले, तिच्या चिकट ओलीत वाढलेले. त्यांच्या गर्दीत आपण पुडीतील पाहुणा सोडतो. नत्र गोळा करण्यात तो पाहुणा कितीही वाकबगार असला, तरी मुळाजवळ आधी पोहोचण्यात तो कमी पडला तर त्याच्या गुणांचा पिकास उपयोग होत नाही. स्थानिक जिवाणूंपैकी काही उत्तम असतात, काही आळशी. आणि आळशी जिवाणूने अडविलेली गाठ पिकाचे अन्न खाते, परतफेड मात्र थोडी करते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की जिवाणू खताचा वाण निवडताना तो नत्र किती स्थिर करतो एवढेच पाहणे पुरेसे नाही. आपल्या पिकाच्या मुळाची हाक तो किती लवकर ओळखतो व स्थानिक जिवाणूंशी झुंजून किती गाठी मिळवितो, हेही पाहिले पाहिजे. यासाठी लसूणघासाचे परदेशातील उत्तर आपणांस उसने घेता येणार नाही. लसूणघासाचा जिवाणू वेगळा, तुरीचा वेगळा, हरभऱ्याचा त्याहून वेगळा. बदनापूरच्या संशोधन केंद्राने ‘बीडीएन ७११’, ‘बीएसएमआर ७३६’ यांसारखे तुरीचे वाण आपणांस दिले आहेत. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जिवाणू खते तयार करते. आपल्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. तेथे जीवशास्त्राची व रसायनशास्त्राची तरुण मुले दरवर्षी प्रबंधासाठी विषय शोधीत असतात. बदनापूरच्या तुरीची मुळे, परभणीचे जिवाणू आणि येथील प्रयोगशाळा ही तिन्ही एकाच जालना-परभणीच्या वाटेवर आहेत. तुरीच्या रुजत्या दाण्यातून काय पाझरते आणि आमच्या रानातील जिवाणूचे कोणते प्रथिन ते धरते, हा प्रश्न त्या मुलांपुढे ठेवण्यास फार मोठा खर्च लागेल असे मला वाटत नाही. कृषिखात्याने तो प्रश्न आपण होऊन विचारावयास हवा. प्रश्न शेताकडून गेला नाही तर प्रयोगशाळा आपल्या सोयीचा जंतू निवडणारच, आणि तो दोष तिचा नव्हे.

‘जनुक’ हा शब्द उच्चारताच आमच्या कापूसवाल्या शेतकऱ्यांच्या कपाळास आठी पडते, याची मला कल्पना आहे. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी कापसास २००२ साली लागवडीची परवानगी मिळाली. जिवाणूचेच एक प्रथिन कापसाच्या झाडात आणून बोंडअळीस आवरण्याची ती युक्ती होती. पहिली वर्षे बरी गेली, पुढे गुलाबी बोंडअळी त्या प्रथिनास जुमानीनाशी झाली, आणि २०१७ च्या खरिपात तिने आपल्याकडे केलेली दाणादाण कोणी विसरलेले नाही. तेव्हा नव्या विद्येकडे साशंक नजरेने पाहणे हा शेतकऱ्याचा हक्कच होय. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावा. कुपीतील ग्राही प्रथिन निर्जीव आहे. ते उगवत नाही, पसरत नाही, शेतात जात नाही. ते मोजमापाचे साधन आहे, जसा दुधातील स्निग्धांश मोजणारा संच. त्याच्या साह्याने आपल्याच मातीतील शेकडो स्थानिक जिवाणूंतून चलाख वाण निवडता येईल, आणि त्यासाठी कोणाच्याही जनुकात हात घालण्याची गरज नाही. कोणी पुढे जाऊन जनुक बदललेला जिवाणूच शेतात सोडू म्हणेल, तर तो निराळा विषय; त्यास १९८९ च्या केंद्रीय नियमांखाली परवानगी लागते, आणि माझ्या मते आधी घरच्या जिवाणूंची पारख पुरी व्हावी, मग तो विचार.

दुसरी एक भीतीही बोलून दाखवितो. शास्त्रातील अर्धवट शब्द बाजारात फार लवकर पोहोचतात. उद्या एखाद्या रंगीत बाटलीवर ‘मुळाला हाक देणारे’, ‘जिवाणू खेचून आणणारे’ अशी अक्षरे झळकली तर मला नवल वाटणार नाही. अशी बाटली पुढे आली म्हणजे कार्यकर्त्याने एकच विचारावे: कोणत्या पिकावर, कोणत्या मातीत, न वापरलेल्या पट्ट्याशी तुलना करून पाहिले काय? उत्तर गुळमुळीत आले तर शेतकऱ्याचे पैसे वाचवावेत.

प्रयोगशाळेचे उत्तर येईल तेव्हा येईल. जे कळले आहे त्यावरून आजही बरेच करता येण्याजोगे आहे. जिवाणू पोहतो तो मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून. थर तुटला की त्याची वाट तुटली. ओल असतानाही स्वतःच्या बळावर तो फार तर बोटा-दोन बोटांच्या अंतरापर्यंत जाईल. म्हणून पुडी शेतात फेकून देण्यापेक्षा बियाण्यास चोळणे श्रेयस्कर. आणि म्हणूनच धूळपेरणीत, कोरड्या मातीत, जिवाणू लावलेले बियाणे टाकून पावसाची वाट पाहत बसणे म्हणजे त्या जिवांस उन्हात कोंडून ठेवणे होय. पुरेशी ओल झाल्यावरच असे बियाणे पेरावे. भुकटीच्या स्वरूपातील खत असल्यास २५० ग्रॅमची पुडी १० किलो बियाण्यास पुरते. एक लिटर कोमट पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून, ते पाणी पूर्ण निवल्यावर त्यात भुकटी कालवावी व बियाण्यास हळुवार हाताने माखावी. पाणी निवण्याची घाई करू नये. घाईने सारी पुडी मारल्याचे मी पाहिले आहे. बुरशीनाशक लावावयाचे असेल तर ते आधी लावून बियाणे सुकवावे, जिवाणू सर्वांत शेवटी, सावलीत, आणि त्याच दिवशी पेरणी. पेरणीबरोबर युरियाचा जादा हात देऊ नये. तयार नत्र हाताशी असले म्हणजे पीक गाठींचा संसार मांडीत नाही.

पुडीवरची तारीख पाहणे हे तर कार्यकर्त्याचे पहिले काम. २००६ पासून जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आलेली आहेत, आणि रायझोबियमच्या भुकटीत प्रत्येक ग्रॅमला किमान पाच कोटी व द्रवरूप खतात प्रत्येक मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत असा दंडक आहे. पण हा दंडक पुडीच्या मुदतीत, सावलीत व थंडाव्यात ठेवलेल्या मालाचा. पत्र्याच्या छपराखाली मे महिना काढलेल्या पुडीचा नव्हे. कोंबडीची पिले वाटावयास आणली असती तर ती आपण बंद गोदामात पंधरा दिवस ठेवली असती काय? पुडीतील जीव ओरडत नाहीत एवढाच फरक. सबब उन्हाळ्यात लवकर माल उचलून उद्दिष्ट पूर्ण करण्यापेक्षा पेरणीच्या तोंडावर थोडा माल आणावा, आणि ज्या गावी माठाजवळची थंड जागादेखील मिळत नाही तेथे तो मुळीच साठवू नये, असे मी वरिष्ठांस लेखी कळविले आहे आणि येथेही लिहितो.

सरसकट सर्व गावांस सारख्या पुड्या, ही पद्धतही मला पटत नाही. ज्या रानात पूर्वी कधी हरभरा वा सोयाबीन झालेले नाही, तेथे त्यांचा खास जिवाणू बहुधा नसतो. तेथे ही पुडी अवश्य द्यावी, कारण तेथे पाहुण्यास प्रतिस्पर्धी नाही आणि गुण डोळ्यांना दिसतो. ज्या रानात वर्षानुवर्षे तूर, मूग, उडीद आहेत तेथे लाभ होईलही, न होईलही. हे शेतकऱ्यास आधीच सांगावे. सांगितल्याने पुड्या कमी खपतील, हे खरे. परंतु गुण न आलेली एक पुडी पुढील दहा सल्ल्यांवरचा विश्वास घालविते, आणि तो परत मिळविण्यास लागणारी वर्षे कोणत्याही तक्त्यात भरली जात नाहीत.

मग गुण आला की नाही ते ओळखावे कसे? खात्याच्या आकड्यांत पुड्यांऐवजी मुळे यावीत, एवढेच माझे मागणे आहे. प्रत्येक गावात निदान एका शेतात चार ओळी जिवाणू न लावता पेराव्यात. पाच-सहा आठवड्यांनी दोन्हीकडची पाच-पाच रोपे फावड्याने मातीच्या ढेकळासह काढावीत, हिसका देऊन उपटू नयेत, कारण गाठी मातीतच तुटून राहतात. मुळे पाण्यात हलकेच धुवावीत व गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर गाठ कामाची. पांढरट वा हिरवट असेल तर निकामी. दोन्हीकडे गुलाबी गाठी भरपूर निघाल्या तर घरचे जिवाणू समर्थ आहेत असे समजावे आणि पुढील वर्षी पुडीचा खर्च वाचवावा. दोन्हीकडे गाठी नाहीत किंवा फिक्या आहेत, तर पुडी मेलेली होती, ओल तुटली होती की नत्र जास्त पडले होते, हे एकेक तपासून पाहावे. लावलेल्या ओळीतच गुलाबी गाठी अधिक दिसल्या तर पुडीचे काम झाले; त्या शेताचा गट क्रमांक टिपून ठेवावा.

माझ्या पहिल्या वर्षीच्या त्या शेतात दोन्ही ओळींत फरक नव्हता एवढे मी पाहिले होते. गाठी फोडून रंग मात्र पाहिला नव्हता. त्यामुळे ते जीव गोदामात मेले होते की स्थानिक जिवाणूंनी त्यांस मुळाशी येऊच दिले नव्हते, हे आजही मला सांगता येत नाही. ते वृद्ध गृहस्थ आता नाहीत. त्यांचा मुलगा ते शेत कसतो. यंदाच्या रब्बीत त्याने त्या रानात प्रथमच हरभरा घेण्याचे ठरविले आहे, आणि आम्ही दोघांनी मिळून चार ओळी कोऱ्या ठेवण्याचे नक्की केले आहे. पुडी पेरणीच्या आदल्या दिवशी मी स्वतः, ओल्या गोणपाटात गुंडाळून, नेणार आहे.